पडणीचा राजा

राजाचं नाव काय होतं, हे आडखार गावात कोणालाच ठाऊक नाही. ज्यांच्या पदरी लिहिणारे होते त्यांचे राजे पुस्तकात गेले. ज्यांच्या मागे पैसा होता त्यांचे चौकात घोड्यावर बसले. आडखारच्या राजाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. वर्षातून एकदा, भातं झोडून झाली की, खाडीच्या बांधाखालच्या मोकळ्या खारात, म्हणजे खाऱ्या पडीक जमिनीत, त्याला मारतात, एवढंच. त्या दिवसाला म्हणतात पडण.

गोष्ट अशी सांगतात, की राजा पोरसवदा होता. बाप गेला म्हणून गादीवर बसवला, पलीकडचे चालून आले म्हणून रणात उभा केला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. पहिल्याच लढाईत पडला. मारणाऱ्यांनी जवळ जाऊन तोंड बघितलं तर ओठावर मिसरूडसुद्धा नव्हतं. मग त्या माणसांना लाज वाटली. हल्ली कोणाला वाटत नाही, पण तेव्हा वाटायची. त्यांनी हत्यारं चिखलात टाकली, पोराला खांद्यावर घेतलं आणि बांध ओलांडून त्याच्या आईच्या दारात आणून ठेवलं. ती भाताचं ताट वाढून बसली होती. तिला सांगायची कोणाची छाती झाली नाही. तिनं पोराला घरच्या नावानं हाक मारली, जेवायला चल म्हणाली. पोरगा उठला नाही. मारणारे मग परत गेलेच नाहीत. या बाईला आता कोण बघणार म्हणून तिथंच राहिले. त्यांचं झालं भाटगाव, राजाच्या माणसांचं झालं आडखार. पुरावा काय म्हणाल, तर ही दोन गावं.

तेव्हापासून पडणीत राजा व्हायचा मान आडखारच्या एकाच घराचा, आणि राजाला मारायचं काम भाटगावच्या पोरांचं. मधे कधीतरी भाटगाव ख्रिस्ती झालं. देव बदलला, पडणीतलं काम बदललं नाही. अजूनही तीच पोरं राजाला मारतात, तीच खांद्यावर घेऊन बांधावर आणतात. तिथं जो राजा झाला असेल त्याची खरी आई भाताचं ताट घेऊन उभी असते. ती त्याला घरच्या नावानं हाक मारते. गोष्टीतला राजा उठला नव्हता. पडणीतला उठतो. उठतो, डोक्यावरचा मुकुट काढून आईच्या हातात देतो आणि जेवायला जातो. हाक एकदाच मारायची, आणि हाक आली की राजेपण संपलं. त्यानंतर कोणी तलवार उचलायची नाही. हा नियम मोडलेला कोणी बघितला नाही.

रंभा या राजाघरची सून. राजाघर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं कोंबड्यांचं खुराडं. नवरा रामनाथ वालीवला एका कारखान्यात विजेच्या मोटारींना तार गुंडाळायचं काम करतो, आणि पडणीला राजाची लाकडी तलवार अन् बेगडाचा मुकुट तोच बनवतो. रामनाथ कमी बोलतो. पहिला मुलगा गेल्यापासून तर नाहीच बोलत.

पहिला मुलगा भूपेश. धिप्पाड, हसरा, चारचौघांत उठून दिसणारा. तो पडणीत पडायचा तेव्हा बायका खरंच पदर डोळ्याला लावायच्या. पण पडायचं वर्षातून एकदाच असतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. प्रणवशेठच्या पोरांत तो उठू-बसू लागला. प्रणवशेठ म्हणजे ज्याच्या डंपरनी निम्मी मिठागरं बुजवली आणि निवडणूक आली की ज्याचे हात जोडलेले फलक विजेच्या खांबाखांबावर लागतात, तो. तीन वर्षांपूर्वी एका भरावाच्या जागेवर दुसरी टोळी आली. काठ्या निघाल्या, सळ्या निघाल्या. प्रणवशेठ गाडीत काचा वर करून बसला होता. भूपेश पुढं होता. राजा पुढंच असतो ना.

डोक्यात सळी बसली. ज्यांच्यासाठी गेला ते पळाले. भाटगावचा मर्विन भाजीचा टेम्पो घेऊन रस्त्यानं चालला होता, त्यानं थांबून पालेभाजीच्या जुड्यांवर भूपेशला निजवलं आणि इस्पितळात नेलं. उपयोग झाला नाही. पडणीत सलग चार वर्षं भूपेशला मारायचं काम याच मर्विनचं होतं. आणायचंही. शेवटच्या वेळी घरी आणतानाही एक खांदा त्याचाच होता.

दारात आणून ठेवला तेव्हा रंभेनं हाक मारली होती. लोक सांगतात, तिनं एकदाच मारली आणि मग वाट बघत बसली.

त्यानंतर दोन वर्षं पडण झाली नाही. या वर्षी धाकट्या सूरजच्या तोंडावर दाढी आली आणि गाव राजाघराकडं बघू लागलं. सूरज भूपेशसारखा नाही. जन्मला तेव्हा मूठभर होता, सुकवलेल्या जवळ्यासारखा, म्हणून सुइणीनं नावच ठेवलं जवळ्या. अजून अंगानं सडपातळच आहे. घरात तो जवळ्याच.

देवळात पडणीची बैठक भरली. रंभा मागं बायकांत बसली होती. भाटगावहून मर्विन आणि आणखी दोघं आले होते. सगळं ठरत आलं तेव्हा रंभा उठली आणि म्हणाली, "या वर्षी राजा मरनार नाय."

कोणी हसलं नाही. मधे हरिश्चंद्र काका बसले होते. पडणीची गोष्ट सांगायचं काम त्यांचं, केस काळे होते तेव्हापासूनचं. त्यांनी तिला समजावलं, की बाय, तुझं दुःख आम्हाला कळतं, पण तो राजा जर मेला नसता तर मारणाऱ्यांना लाज वाटली नसती. ते परत गेले असते. राजानं पुढच्या साली पुन्हा लढाई केली असती, त्याच्या पुढच्या साली पुन्हा. सगळी माणसं त्या चिखलात संपली असती. हे गाव वसलं ते त्या मरणावर. भाटगावसुद्धा.

"तो जगला असता तर आपन नसतो, रंभा," काका म्हणाले.

"मंग नसतो," रंभा म्हणाली. "काय अडलं असतं?"

बैठक तशीच उठली.

रंभेनं मात्र तो विचार सोडला नाही. मासळी साफ करताना, खारातून लाकडं आणताना तिच्या डोक्यात तो राजा जगत राहिला. पहिल्याच लढाईत त्याचा पाय चिखलात रुतला आणि वार हुकला, असं तिनं धरलं. मग पुढं काय? पुढं त्याचं लग्न झालं. मुलगी राजोडीची, जरा तोंडाळ, पण घर सांभाळणारी. राजानं बांधाची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर करायची झडप, ती नीट करून घेतली, कारण भरतीला भातात खारं पानी शिरतं म्हणून बायको रोज बोलायची. त्याला पोट सुटलं. केस गेले. मुलांवर ओरडू लागला. गुडघे धरले तेव्हा घोडा विकून टाकला. म्हातारपणी बांधावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचा, कोनाचा रे तू, म्हणून. मग एके दिवशी झोपेत गेला. त्याची पडण कोणी केली नाही, बेगडाचा मुकुट कोणी बनवला नाही. गुडघेदुखीनं बेजार झालेल्या म्हाताऱ्याची गोष्ट कोण सांगणार?

असा इतिहास तिला हवा होता. त्या राजाचं तोंड कोणाचं होतं, ते तिला माहीत होतं. टक्कल पडलेला भूपेश कसा दिसला असता, यावर ती कधीकधी एकटीच हसायची, आणि हातातली करंदी तशीच राहायची.

तिचं बोलणं प्रणवशेठच्या कानावर गेलं. अशा माणसांना कान चिकार असतात. तो स्वतः राजाघरी आला, पडवीत खाली बसला, काकी म्हणाला, पाणी मागून प्यायला. भूपेश माझा वाघ होता, म्हणाला. तुमचं एकदम बरोबर आहे, म्हणाला. या वर्षीची पडण मी करतो, स्टेज, लाइट, साउंड सगळं माझं.

"आपला राजा हरणारा कशाला दाखवायचा, काकी? जिंकेल. पब्लिकला विनर पाहिजे."

रंभेला तो माणूस डोळ्यासमोर नको होता. पण तीन वर्षांत तिचं म्हणणं बरोबर आहे असं म्हणणारा तो पहिलाच निघाला. आईच्या जिवाची ही गंमत बघा, बुडताना तिनं सापाची शेपटी धरली. ती हो म्हणाली. रामनाथ उंबऱ्यावर बसला होता. त्यानं तासत असलेली लाकडी तलवार खाली ठेवली आणि मागल्या दारी निघून गेला.

मग सगळं भराभर झालं. शहरातून दिग्दर्शक म्हणवणारा एक माणूस आला, त्यानं नवं नाटक लिहून आणलं. त्यात राजा सिंहगर्जना करतो, शत्रूला लोळवतो, शत्रूचा सरदार पाया पडून जीव मागतो आणि राजा त्याच्या छातीवर पाय देऊन तलवार खुपसतो. जुन्या गोष्टीत पलीकडच्यांना नाव नव्हतं. नव्यात त्यांना नाव आलं, वेगळा देव आला, आणि "या मातीत तुमचं काही नाही" असं एक वाक्य आलं, ते राजानं तीनदा म्हणायचं होतं. निवडणूक जवळ होती. वाक्य कोणासाठी होतं, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हरिश्चंद्र काकांचं काम रेकॉर्ड केलेल्या आवाजाला गेलं. शेवटची हाकही काढून टाकली. राजा मेलाच नाही तर हाक कोणाला मारायची?

राजा जगतोय ना, मग बाकीचं चालेल, असं रंभेनं मनाला सांगितलं. भाटगावच्या पोरांनी काम सोडलं असतं तर बरं झालं असतं. पण मर्विनला फादरांनी आणि घरच्यांनी सांगितलं, की मान आपला आहे, तो आपण होऊन टाकायचा नाही. पडणीतून आपण बाहेर पडलो की उद्या म्हणतील, हे आमचे कधी नव्हतेच.

तालमीला ती एकदा गेली. खारात संध्याकाळचं ऊन होतं. तिच्या शेजारी मर्विनची आई सालोमी उभी होती. दोघी कित्येक वर्षं स्टेशनबाहेर शेजारी शेजारी बसल्या होत्या, एकीची भाजी आणि एकीची सुकी मासळी. एकीला चहा आला तर दुसरीला अर्धा. समोर सूरजनं मर्विनच्या छातीवर पाय ठेवला. दिग्दर्शक म्हणाला, जोरात दाब, खरं वाटलं पाहिजे. सूरजनं दाबला. खाली मर्विन हात जोडून जीव मागत होता, वाक्य विसरत होता, आणि दर वेळी दिग्दर्शक त्याला पुन्हा मागायला लावत होता.

सालोमी समोर बघतच हळू म्हणाली, "तुझा जगला, रंभे. बरं झालं. माझा मेला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं. रंभेला त्या पायाखाली एकदम टेम्पोतल्या जुड्या दिसल्या, रक्तानं भिजलेल्या, ज्या या पोरानं नंतर खाडीत नेऊन धुतल्या नव्हत्या, तशाच टाकून दिल्या होत्या आणि त्या दिवशीच्या धंद्यावर पाणी सोडलं होतं. त्याबद्दल दोन्ही घरांत कधी एक शब्द निघाला नव्हता. तिनं राजा वाचवायला मागितला होता. त्याच्या बदल्यात कोण मरणार, हे विचारायचं ती विसरली होती.

दुसऱ्या दिवशी ती प्रणवशेठच्या ऑफिसात गेली. जुनी गोष्ट करा म्हणाली, राजा मेला तरी चालेल. तो हसला, चहा मागवला. काकी, आता पक्षाच्या मोठ्या साहेबांना निमंत्रणं गेली, चॅनलवाले येणार, आता कुठं बदलता? मग खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर नव्या मोटरसायकलवर सूरज बसला होता, त्याच्याभोवती तीच पोरं, जी तेव्हा पळाली होती.

"सूरज आता आमच्यात आहे. टेन्शन नॉट. भूपेशची जागा रिकामीच ठेवली होती मी."

चहा तसाच टाकून ती बाहेर आली. घरी आल्यावर तिनं सूरजला समोर बसवून सांगितलं, की तू त्यांच्यात जायचं नाही. सूरज चिडला. वालीवला बापासारखी तांब्याची तार गुंडाळत म्हातारा होऊ का, असं म्हणाला. आणि मग म्हणाला,

"दादूस पडला, कारन लहानपनापासून तुम्ही त्याला पडायलाच शिकवलं. मी पडनार नाय, आये. माजा राजा जिंकतो."

हे तिनंच केलं होतं. राजा मरणार नाही, असं देवळात उभं राहून तीच म्हणाली होती, आणि पोरानं ते खरं मानलं होतं. दर वर्षी चिखलात पडून, आईच्या हाकेनं उठून राजाघरचे पोरगे एवढं तरी शिकायचे, की तलवारीपुढं माणूस पडतो आणि मुकुट बेगडाचा असतो. सूरज ते शिकणारच नव्हता. तो जिंकलेला राजा होऊन त्या स्टेजवरून उतरणार होता आणि सरळ त्या मोटरसायकलवर बसणार होता. पुढच्या भरावाला पुढं कोण उभा राहणार, हे तिला आत्ताच दिसत होतं. मग आणतील कोण? मर्विन? ज्याच्या छातीवर पाय दिला, तो?

पडणीच्या दिवशी ओहोटी लागली तशी माणसं खारात जमू लागली. दोन्ही गावांची आलीच, शिवाय नव्या टॉवरमधली, ज्यांना पडण म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तीही मोबाइल वर धरून आली. मोठे भोंगे, मागं मोठा पडदा, पडद्यावर प्रणवशेठ. भाषणात त्यानं भूपेशला शहीद म्हटलं. पहिल्या रांगेत बसलेले पाहुणे घड्याळ बघत होते. हरिश्चंद्र काकांना खुर्चीसुद्धा कोणी दिली नव्हती. ते बांधाला टेकून उभे होते.

रामनाथ जनरेटरपाशी होता. गावचाच वीजवाला म्हणून तेवढं काम त्याला दिलं होतं. त्यानं बनवलेली लाकडी तलवार या वर्षी कोणी घेतली नव्हती. सूरजच्या हातात प्रणवशेठनं आणलेली पोलादी होती, उन्हात चकाकत होती. मुकुट मात्र रामनाथचाच होता. तेवढा सूरजनं हट्टानं घातला होता.

रंभेला स्त्रीशक्ती म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. ती तिथं गेली नाही. दुपारी तिनं भात लावला, करंदीची आमटी केली, पापलेट परवडत नाही म्हणून दोन बांगडे तळले. ताट वाढलं, वरून फडकं झाकलं आणि बांधावर, जिथं दर वर्षी उभं राहायचं, तिथं जाऊन उभी राहिली. लोकांनी वळून बघितलं. नव्या खेळात बांधाचं काही काम नव्हतं. एक-दोघींनी तिला खाली बोलावलं. ती नुसती मान हलवत राहिली.

खेळ सुरू झाला. भोंग्यातून आवाज गर्जत होता, नगारे वाजत होते. सूरज दिसत होता चांगला, खोटं कशाला बोला? ज्याला कोणी कधी दुसऱ्यांदा वळून बघितलं नव्हतं त्याच्यासाठी आज शिट्ट्या पडत होत्या. एकेक करून भाटगावची पोरं आडवी झाली. प्रणवशेठच्या पोरांनी घोषणा द्यायला सुरुवात केली, आणि त्या घोषणा राजाच्या नव्हत्या. टॉवरमधली काही माणसंही त्यात ओरडू लागली. भाटगावच्या बायका एकमेकींच्या जवळ सरकल्या. सालोमीनं पर्स छातीशी घट्ट धरली.

मर्विन गुडघ्यावर आला. पाठीवर पडला. सूरजनं पाय उचलला.

रंभेनं ताटावरचं फडकं काढलं. पलीकडं जनरेटरपाशी रामनाथ तिच्याकडेच बघत होता. त्यानं वाकून खटका पाडला. भोंगे मेले, नगारे मेले, पडद्यावरचा प्रणवशेठ हात जोडता जोडता विझला. घोषणा देणाऱ्यांना स्वतःचा उघडा आवाज ऐकू आला आणि ते आपोआप थांबले. खाडीवरचा वारा तेवढा राहिला.

"जवळ्या, जेवाला चल."

ती ओरडली नाही. रोज दारातून मारते तशीच मारली. बांधावरून हाक मारली की खारात कुठंही पोचते.

सूरजचा पाय तसाच वर राहिला. शिट्ट्या मारणारी पोरं खिदळली, जवळ्या म्हणे. खालून प्रणवशेठ दात दाबून म्हणाला, चालू ठेव, साउंडचं बघतो, तू चालू ठेव. दिग्दर्शक हातवारे करत होता. सूरज लाल झाला. त्यानं बांधाकडं रागानं बघितलं. दुसरी हाक मारावी असं रंभेच्या गळ्याशी आलं होतं. पण एकदाच मारायची असते. एकदा मारून वाट बघत बसणं तिला ठाऊक होतं. ती ताट धरून उभी राहिली.

खाली पडलेल्या मर्विननं एक डोळा उघडला.

"जा ना," तो हळू म्हणाला. "हाक आली."

सूरजचा पाय खाली आला, मर्विनच्या अंगाशेजारी, जमिनीवर. पुढचं त्यानं ठरवून केलं की नाही, ते त्यालाही सांगता येणार नाही. लहान असताना पडवीत टोपलीचा मुकुट घालून तो आणि भूपेश पडण खेळायचे. भूपेश पडायचा, जवळ्या आईसारखी हाक मारायचा. मग उलट. किती वेळा, कोण मोजतो? हाक आली की हात मुकुटाकडं जातो. तसा गेला. मुकुट हातात आल्यावर तलवारीचं काय करायचं, हे त्याला कळेना. हाकेनंतर तलवार उचलायची नसते. ती त्यानं खाली ठेवली आणि स्टेजवरून उतरला.

गर्दीनं वाट दिली. जुनी माणसं आधी सरकली, त्यांना नियम माहीत होता. नवी त्यांचं बघून सरकली. प्रणवशेठनं त्याचा दंड धरला, तो त्यानं सोडवून घेतला, फार जोरानं नाही. बांध चढून आला, मुकुट आईच्या हातात दिला आणि तिच्याकडं न बघता घराच्या वाटेला लागला.

स्टेजवर भाटगावची पोरं उठून बसली होती. सगळी गोंधळलेली. त्यांच्या बापांनी, आज्यांनी, सगळ्यांनी राजा खांद्यावर आणला होता. हा तर चालत गेला.

"काका," मर्विननं स्टेजवरून विचारलं, "मग आता आम्ही उचलायचं कोणाला?"

पहिलं हसू सालोमीचं होतं. मग बायका हसल्या, मग दोन्ही गावं. पाहुणे उठून गाडीकडं निघाले, त्यांच्यामागं प्रणवशेठ धावला. लोकांनी मात्र हरिश्चंद्र काकांकडं तोंडं वळवली. दर वर्षी शेवट तेच सांगतात, तो पडला म्हणून आपण आहोत, असा. म्हातारा बांधाला धरून उभा होता. त्यानं समोर बघितलं. राजा मेला नव्हता, जिंकलाही नव्हता. आणि माणसं तर सगळी तिथंच होती. आडखारही होतं, भाटगावही होतं.

"राजा जेवाला गेला," काका म्हणाले. "पुढचं मना ठाव नाय."

घरी सूरज भिंतीकडं तोंड करून जेवत होता. सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस, म्हणाला. रंभेनं आमटी वाढली. उद्या मी त्यांच्याकडं जाणार आहे, मोटरसायकल परत मागतील नाहीतर, म्हणाला. तिनं दुसरा बांगडा वाढला. तो बांगडा त्यानं मोडला, निम्मा खाल्ला आणि मग विचारलं, की दादूस भरावावर जायला निघाला, तेव्हा त्याला हाक मारली होतीस का?

"मारली व्हती," रंभा म्हणाली. "मोटरसायकलच्या आवाजात त्याला आयकू गेली नाय."

सूरज जेवत राहिला. रामनाथ जनरेटर आवरून, वायरी गुंडाळून घरी आला, हात धुऊन त्याच्या शेजारी बसला. तलवार पुढच्या वर्षी हलक्या लाकडाची करतो, म्हणाला. तीन वर्षांत त्यानं बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सूरज गेलाच. सकाळी आंघोळ केली, शर्ट घातला आणि ऑफिसच्या रस्त्याला लागला. रंभेनं अडवलं नाही. भात शिजला तशी ती उठली, स्टेशनच्या रस्त्यानं चालत त्या ऑफिससमोर गेली आणि पायरीखाली उभी राहून घरच्या नावानं हाक मारली. पोरं हसली. कोणी बाहेर आलं नाही. तिनं पुन्हा मारली. एकदाच मारायची हा नियम पडणीचा, घराचा नव्हे. शेजारी भाजीची पाटी खाली ठेवून सालोमी उभी राहिली होती. तिसरी हाक त्या दोघींनी मिळून मारली.